तिरडीमागची हसणारी बाई

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता, हसत हसत वाचत आलोय. भूतबीत काही नसतं, हे माझं ठाम मत. आज माझाच अनुभव लिहितोय... तुम्ही हसलात तरी मला बोलायचा हक्क नाही.

मी तळेगावचा. परंदवडीजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे — दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. सुट्टीच्या दिवशीही तोच उद्योग. माझा मित्र सागर सोमाटण्याला राहतो. त्याच्या फ्लॅटवर आम्ही दोघं भयंकर वाईट सिनेमे बघायचो आणि त्यातल्या गमती वहीत लिहून ठेवायचो. सिनेमा जितका टुकार तितकी मजा जास्त!

आमचा सगळ्यात लाडका म्हणजे लोहगडवाडीत शूट झालेला एक मराठी भुताचा सिनेमा. वीसेक वर्षांपूर्वीचा. नाव मुद्दाम देत नाही. गोष्ट पेशवाईतली, पण मागे पाण्याची सिमेंटची टाकी. बिबट्याच्या पायात कॅनव्हासचे बूट. पाटलाची मिशी एका वाक्याला डावीकडे घसरलेली, पुढच्या वाक्याला उजवीकडे. आणि कळस म्हणजे अंत्ययात्रा! तिरडीवरचं प्रेत मध्येच डोळे उघडतं. बायका मात्र खरोखर ऊर बडवून रडतात — अख्ख्या सिनेमात तेवढाच काय तो चांगला अभिनय, असं आम्ही वहीत लिहिलं होतं. आणि त्या बायकांच्या मागे हिरव्या साडीतली एक तरुण बाई सगळे दात दाखवून हसतेय!

सागरने तिचा स्टिकर केला. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला ताप आला, की ग्रुपवर ती बाई. तो स्टिकर कुठे कुठे पोचला देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात सागर लोहगडला गेला होता. तिथून त्याचा फोन, "अरे, आपलं प्रेत सापडलं! ताक विकतंय!"

पुढच्याच रविवारी सकाळी अकराला आम्ही दोघं तिथे हजर. पायथ्याला छोटं हॉटेल — ताक, पिठलं-भाकरी. चालवणारे आबा सत्तरीचे. त्यांची बायको चुलीपाशी, डोळ्यांत मोतीबिंदू; त्यांना आम्ही मावशी म्हणू लागलो. आबा आम्हाला बघून हरखून गेले.

"तुमी बघितला व्हय त्यो पिच्चर? आमी तर आजून बघितला न्हाई."

"आबा, परत एकदा मरून दाखवा की," सागर म्हणाला.

आबा बाकड्यावर आडवे झाले. मी मोबाइलवर शूट करत होतो. "डोळे उघडा आबा... तस्सेच... परत एकदा!" चार वेळा झोपवलं त्यांना. ट्रेकला आलेली पोरं थांबून हसायला लागली. आबाही हसत होते, उठताना मात्र गुडघा धरत होते. ते आम्ही बघितलं आणि तरी पाचव्यांदा झोपवलं.

"तेव्हा डोळे का उघडले होते?" मी विचारलं.

"कानापाशी कुणीतरी 'आबा' म्हणलं. मला वाटलं, झालं शूटिंग."

सागरने मोबाइलवर तो सीन लावून त्यांच्यापुढे धरला. "आणि ही हसणारी कोण? आम्हाला हिचीपण मुलाखत घ्यायचीय."

आबांनी मोबाइल हातात घेतला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मागं घ्या," म्हणाले. पुन्हा बघितलं. पुन्हा.

"ही आमची शकू हाय. माजी लेक."

"अरे वा! कुठे असतात त्या?"

"शूटिंगच्या आदी अठरा दिस ती गेलती."

भात लावताना तिच्या पायात गंजका खिळा घुसला होता. ती गेल्यावर आबांनी अन्न जवळजवळ सोडलंच होतं. शूटिंगवाले आले, त्यांनी आबांकडे बघितलं आणि म्हणाले, प्रेताला हाच चेहरा पाहिजे. गावातल्या बायकांना रडा म्हणाले. "येकदा सुरू झाल्या त्या थांबंचनात," आबा म्हणाले.

"तशी दिसणारी दुसरी कुणी असेल," सागर पुटपुटला.

"पस्तीस घरं हैत हितं. मला माजी लेक वळखू येत न्हाई व्हय? ती साडी तिच्यासंगंच जाळली."

पिठाचे हात तसेच घेऊन मावशी आल्या. मोबाइलवर त्यांना काहीच दिसेना. "कशी दिसतीया वो माजी शकू?"

आबा पुन्हा सीन मागे घेत होते. मला वाटलं, बाईला जरा बरं वाटेल. मी म्हणालो, "हसतायत मावशी. छान हसतायत."

मावशी मटकन खाली बसल्या.

"धनुर्वात झालता वो तिला. दातखीळ बसलेली. तीन दिस त्वांड तसंच ताणल्यालं. दवाखान्यात येक बाई म्हणली, तुमची पोरगी हसतीया कशाला? जाळताना बी तसंच व्हतं..." मग आबांकडे तोंड वळवून त्या म्हणाल्या, "म्हंजी आजून सुटली न्हाई व्हय ती?"

आम्ही दोघं तिथून अक्षरशः पळालो.

सागर म्हणतो, तारखांचा घोळ असेल. मी खटपट करून त्या सिनेमाच्या कॅमेरामनला गाठलं. त्याला ती जागा आठवत होती. म्हणाला, "त्या बायका भिंतीला टेकूनच उभ्या होत्या. मागे कोण उभं राहणार?"

आल्या आल्याच आबांनी हौसेने माझा नंबर घेतला होता. पुढच्या अमावास्येला मावशींचा फोन आला. "बघता का जरा? त्वांड मिटलं का तिचं?" मी बघितलं. तसंच होतं. तसं सांगितलं. त्यापुढच्या अमावास्येलाही फोन. चौथ्या वेळी मला राहवेना... म्हणालो, "मिटलं, मावशी. शांत दिसतायत आता."

मावशी कितीतरी वेळ रडत होत्या. "लय बरं झालं बाबा, लय बरं झालं." मग फोन आबांनी घेतला. चालत लांब गेल्याचा आवाज आला.

"खोटं बोललास न्हवं?"

"हो, आबा."

"ऱ्हाऊ दे. तिला तसंच वाटू दे." "मला मात्र खरं सांगत जा."

आता अमावास्येला फोन मीच करतो. त्याआधी तो सीन लावून बघतो. आबा विचारतात, "मिटलं का?" मी नाही म्हणतो, आणि ते हळूच फोन ठेवतात.