धाकटीला रीतभात शिकवली तेव्हा

माझी धाकटी बहीण खोटं बोलत नसे. ऐकायला हा गुण वाटतो, पण सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात तो आम्हाला फार महाग पडला.

आज अशा मुलांसाठी शहरात वर्ग असतात. चित्रं दाखवून नमस्कार कसा करायचा, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं, हे शिकवणाऱ्या बाई असतात. आमच्या वेळी या स्वभावाला डॉक्टरी नाव नव्हतं. गावानं मात्र येडी, खुळी, घुमी अशी तीन-चार नावं ठेवून दिली होती. आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल तर मीच. वय बारा, चौथी पास, तोंडानं फटकळ.

झालं असं. गावच्या मालगुजाराची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, मालगुजारी कायद्यानं नुकतीच गेली होती, रुबाब शिल्लक होता. एकदा तो शाळेत आला आणि पहिलीत बसलेल्या माझ्या बहिणीला त्यानं मायेनं विचारलं, जेवली का. आमच्याकडे हा प्रश्न नसतोच, तो रामराम असतो. पोटात कावळे ओरडत असले तरी हो म्हणायचं. ही म्हणाली, नाही, आईनं भात करपवला. आणि तुमच्या मिशीचा काळा रंग गालाला लागला आहे. वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं की पोरगी पाढ्यांत हुशार आहे, पण कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही, हाक मारली तर येत नाही, दुसऱ्यांच्या पेन्सिली काढून घेते आणि लांबीप्रमाणे ओळीत मांडून ठेवते. दिवाळीपर्यंत घरी ठेवा, चारचौघांत वागायला शिकवा; नाही जमलं तर घरीच राहू द्या.

तिला तर शाळेशिवाय दुसरं काही नको होतं. घराच्या भिंतीवर कोळशानं तिसापर्यंत पाढे लिहून झाले होते. आणि आईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून ही शिकलीच पाहिजे असा आईनं हट्टच धरला होता. हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिले आठ दिवस मी नुसते धपाटे घातले. मला तिची लाज वाटायची, हेही खरंच. "जेवली नाई तं जेवली काऊन म्हणाचं?" या तिच्या प्रश्नालाही धपाटाच. मग एक दिवस लक्षात आलं, की सागरगोटे खेळताना ही कधी काऊन विचारत नाही. नियम सांगितला की पाळते, आणि दुसऱ्यानं मोडला तर रडून घर डोक्यावर घेते. मी सगळी रीतभातच खेळ करून टाकली. समोरचा जेवली का म्हणाला की हो जी म्हणायचं. बाई असेल तर कपाळाकडे पाहायचं, माणूस असेल तर टोपीकडे. महिनाभरात गाव थक्क झालं. फक्त एकदा एक म्हातारा न्हाव्यापुढे बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. हिनं वाकून त्या टोपीला रामराम केला.

पोळ्याला शेजारच्या काकूंकडे जेवण होतं. पाहुणचारात पहिल्या आग्रहाला ताट पुढे केलं की हावरट दिसतो, हे तिला कसं समजावणार? मी नियम केला: दोनदा 'नाई जी, पुरे' म्हणायचं, तिसऱ्यांदा 'वाढा जी'. काकू आग्रहात हार जाणाऱ्या नव्हत्या. त्या विचारत राहिल्या, ही दोनदा नको आणि एकदा वाढा म्हणत राहिली. सात पुरणपोळ्या झाल्या. काकू म्हणाल्या, किती गुणाची पोर. रात्रभर पोटाला हिंग आईनं लावला, आणि बोलणी मी खाल्ली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वडील पाटी घेऊन, आम्हा दोघींना घेऊन शाळेत गेले. हिनं टोपीकडे पाहून रामराम केला. जेवली का, हो जी, तुमी जेवले का, सगळं बिनचूक. गुरुजींचा चेहरा खुलला. त्यांनी विचारलं, "शाळेत बसाचं हाय ना मंग?"

"नाई जी, पुरे."

गुरुजी चमकले. शिकायचं नाही का तुला, असं त्यांनी समजावून पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. गुरुजी वडिलांना म्हणाले, भाऊ, तिचंच मन नाही, मी तरी काय करू? वडिलांनी खाली ठेवलेली पाटी उचलून काखेत धरली.

ती मात्र जागची हलली नाही. नजर टोपीवर आणि उजव्या हाताची दोन बोटं दुमडलेली. ती मोजत होती. गुरुजींसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"गुरुजी, अजून एक बार विचारा," मी म्हणाले. "मीच शिकवलं तिले."

या घरात येडी एकच आहे की दोन, अशा नजरेनं गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पण विचारलं.

"वाढा जी," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं, पुरणपोळ्यांसकट. गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग वडिलांच्या काखेतली पाटी त्यांनी स्वतः काढून घेतली आणि तिच्या हातात दिली.

ती जाऊन ओळीत बसली. आम्ही निघालो. मी दारातून पाहिलं, फाटकातून पाहिलं, पुन्हा आवारात जाऊन खिडकीतून पाहिलं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. आपली माणसं जायला निघाली की एकदा मान वर करून पाहायचं असतं, हे शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.