तिथीचा रकाना

मारोतरावांच्या कार्डावर हर्षाताईंनी कधीकाळी हिरव्या शाईनं लिहून ठेवलं होतं : ‘पत्नी शामला. कार्तिक वद्य पंचमी. शिऱ्यात साखर नको, गूळ. वाढायला स्वतः येतात.’

अशी सातशे कार्डं एका पत्र्याच्या पेटीत होती. प्रताप नगरातल्या एका छोट्या संस्थेत हर्षाताई काळमेघ एकोणीस वर्षं देणगीदार सांभाळतात. कोणाला दुपारी फोन करायचा नाही, कोणापुढे मुलाचा विषय काढायचा नाही, कोणाला पावतीपेक्षा मुलींच्या हातचं पत्र आवडतं, हे सगळं त्या पेटीत होतं.

तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर आलं. तोवर कामही वाढलं होतं. पारशिवनीच्या मुलींच्या वसतिगृहात गेलेल्यांच्या तिथीला देणगीदारांतर्फे होणारं स्मृतिभोजन, मोतीबिंदूची शिबिरं, फिरतं वाचनालय अशा तीन मोहिमा एकाच वेळी चालायच्या. बावन्नाव्या वर्षी हर्षाताई ते सॉफ्टवेअर शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. प्रत्येक मोहिमेला एक रंग दिला. ठरल्या दिवशी ठरला संदेश आपोआप जाऊ लागला. कार्डावरची तिथी तेवढी कुठे बसेना. रकान्यात फक्त तारीख चालायची. म्हणून भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं की त्या एक दुपार बसून साऱ्या तिथींच्या तारखा नव्यानं भरायच्या. यंदा ते राहून गेलं, आणि यंदाच अधिक महिना आला. पंचमी वीस दिवस पुढे गेली. सॉफ्टवेअर जुन्याच तारखेवर राहिलं.

एवढंच असतं तर त्याला विसरणं म्हणता आलं असतं. पण आभाराचा संदेश फोटो जोडल्याशिवाय पुढे सरकत नसे. कामाच्या गर्दीत हर्षाताई गेल्या वर्षीचे फोटो आधीच जोडून ठेवू लागल्या होत्या. खरे आले की बदलू, असं म्हणून. काही बदलले, काही तसेच गेले. कोणी काही बोललं नाही. उलट संचालिका हिमानी बैठकीत सर्वांदेखत म्हणाली, “हर्षाताईंचे आभार एक दिवसही उशिरा जात नाहीत.” तेव्हा हर्षाताई हसल्या होत्या. ते हसू त्यांना आता आठवतं.

दिवाळीची सुट्टी संपून कार्यालय उघडलं, त्या सकाळी मारोतराव पायरीवरच बसलेले होते. काटोलात त्यांनी आयुष्यभर संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकल्या. आता प्लास्टिकचे क्रेट आले, हात रिकामे झाले.

“ताई, तुमचा कम्प्युटर तं आमच्या भटजीच्याही वर निघाला,” ते म्हणाले. “भटजी अर्धा तास आधी येते. यानं वीस दिवस आधीच पंगत उठवली!”

त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘आज आपल्या पत्नी कै. शामलाताई यांच्या स्मरणार्थ एक्केचाळीस मुली जेवल्या.’ संदेश भाऊबीजेच्या सकाळचा होता. त्या दिवशी वसतिगृहाला कुलूप होतं.

“मी म्हटलं, ज्या पोरी दिवाळीत घरी गेल्या नसतीन, त्याइले जेवू घातलं असन. चांगलं केलं. शामलाले हेच आवडलं असतं.”

हर्षाताईंनी त्यांना तसंच समजू दिलं. सबब त्यांना शोधावीही लागली नव्हती.

“पण मी त्याच्यासाठी नाही आलो.” मारोतरावांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पहिल्या रांगेत रितिका नावाची मुलगी, उजवा हात प्लास्टरमध्ये. “गेल्या वर्षी हिले मीच घास भरवले होते. वर्ष झालं ना ताई. हात अजून जुळला काहून नाही?”

“पुन्हा पडली ती,” हर्षाताई म्हणाल्या.

मारोतराव हळहळले. मग त्यांनी पिशवीतून एक पाटी काढली. पेटीच्याच लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली. कागद सरकू नये म्हणून दोन बाजूंना पट्ट्या. “डाव्या हातानं लिवता येते याच्यावर. पंचमीले येतोच मी. माझ्या हातानं देतो.” पाटी पुन्हा पिशवीत गेली.

ते गेल्यावर हर्षाताईंनी वसतिगृहाच्या अधीक्षिकेला फोन लावला. “पंचमीला रितिकाला एका दिवसासाठी घरी पाठवता येईल का?”

“काहून ताई? काही झालं काय?”

“काही नाही, राहू द्या,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मारोतरावांचा नंबर त्यांनी पुढच्या दिवसांत कितीदा तरी काढला आणि बंद केला.

पंचमीला त्या सकाळीच पारशिवनीला पोचल्या. बस थांब्यावरच सांगायचं, असं ठरवलं होतं. मारोतराव गुळाची पिशवी सांभाळत उतरले, “प्रवास कसा झाला?” एवढंच त्या बोलल्या, आणि वसतिगृह आलं.

पंगत बसली. वरणाची बादली घेऊन जी मुलगी समोरून आली, ती रितिका होती. उजव्या हातानं वाढत होती.

“अरे वा! जुळला का वं हात?”

“कवाचाच, आजोबा! संक्रांतीलेच निघालं प्लास्टर.”

“पण मंग दुसऱ्यांदा पडली होती म्हणे तू?”

रितिकानं हर्षाताईंकडे पाहिलं. बादली तशीच हातात. शहाणी मुलगी ती. ताई म्हणतील ते म्हणायला तयार. “पडली होती का मी, ताई?” तिनं हळूच विचारलं.

“नाही,” हर्षाताई म्हणाल्या. “तू पडली नाहीस. फोटो मागच्या वर्षीचा आहे, काका. मीच लावला. भाऊबीजेला इथं कोणी नव्हतं. मी खोटं बोलले.”

मारोतराव हर्षाताईंकडे वळले. “म्हणजे त्या दिवशी कोणीच जेवलं नाही?”

“कोणीच नाही.”

“मी तं शामलाच्या फोटोपुढे वाचून दाखवलं होतं.”

मग ते उठले, शिऱ्याचं पातेलं उचललं आणि एक्केचाळीस पानांवर वाढत गेले. पाटी त्यांनी रितिकालाच दिली. “चांगल्या हातानंही लिवता येते यावर.”

निघताना ते हर्षाताईंजवळ आले. मोबाइल पुढे धरला.

“मले पुसता येत नाही. तुम्हीच पुसा.”

हर्षाताईंनी फोटो शोधला. तो बहिणीला गेला होता, व्याह्यांना गेला होता, काटोलच्या पेटीवाल्यांच्या ग्रुपवर गेला होता. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्यांनी मारोतरावांच्या मोबाइलमधला फोटो पुसला.

“बाकीच्याइकडूनही निघते काय?”

“नाही, काका.”

मारोतरावांनी मान हलवली, मोबाइल खिशात ठेवला आणि ते बस थांब्याकडे चालू लागले. रिकामी गुळाची पिशवी त्यांच्या हातात घडी करून होती.