एका माइकवरचं गाणं

खापरखेड्याच्या वसाहतीत कार्यक्रम चालू असताना वहिनींच्या नवऱ्याचा हात खाली आला आणि माइक स्टेजवर पडला. वहिनी गात राहिल्या.

त्या डोळे मिटून गात. नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या भिंतीला लागून हे जोडपं राहत होतं. दोघं ऑर्केस्ट्रात गात, तेही एकाच माइकवर. माइक नवऱ्याच्या हातात. स्वतःची ओळ संपली की ते तो वहिनींच्या ओठांपाशी नेत. सुरुवातीला दुसरा माइक नव्हता म्हणून असं होई. पुढे तीच त्यांची रीत झाली.

"कधी डोळे उघडून गात जा की," मी एकदा म्हणालो.

"काहून जी गुरुजी? माइक येतेच ना. न येऊन जाईन कुठी?"

आतून नवरा ओरडला, "एखाद्या दिवशी चहाचा कप लावतो तोंडाले, मंग समजीन!"

"लावा ना. कपातबी गाईन मी."

सत्तरच्या सुमारास तुम्ही नागपुरात एखादी वरात पाहिली असेल, तर त्यांचं ते गाणं तुमच्या कानावर पडलं असेल. 'तुझ्या शब्दावर पाऊल टाकते, खाली पाहत नाही.' त्याआधी ही दोघं पंगती उठल्यावर गाणारी माणसं होती. त्या गाण्याची तबकडी निघाली आणि लोक त्यांना ओळखू लागले. स्टेजवर आल्या आल्या मागणी होई, तेच गा.

खापरखेड्याला त्या संध्याकाळीही तेच गाणं चालू होतं. माइक पडला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. वहिनींनी नेहमीसारखा चेहरा किंचित डावीकडे वळवून, मिटल्या डोळ्यांनी आपली ओळ गायली. ती कुणाला ऐकू आली नाही. तबलजीने दंड धरून हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नवरा पायाशी पडला होता. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

काही महिन्यांनी ऑर्केस्ट्राच्या मालकाने नवा गायक आणला. घर चालायला हवं होतं, म्हणून वहिनी गेल्या. सोबत म्हणून मीही गेलो. दोन माइक उभे केले होते. वहिनींनी डोळे मिटले, चेहरा डावीकडे वळवला आणि गाऊ लागल्या. आवाज माइकात गेलाच नाही.

"बाई, माइक समोर आहे!" मालक पडद्याआडून ओरडला.

त्यांनी डोळे उघडले. माइककडे पाहिलं. आणि जे गाणं समोरच्या सगळ्यांना पाठ होतं, त्याचे शब्द त्यांना आठवेनात. शिट्ट्या सुरू झाल्या. त्या शांतपणे उतरून आल्या.

"चला जी गुरुजी. हे घरी एकटे आहेत. शिवणकाम करीन मी आता. गानं सरलं."

पुढची काही वर्षं भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येई. मधेच तो थांबे. नवऱ्याला भरवायची वेळ झालेली असे. वहिनी त्यांच्याशी भांडतही. "तोंड उघडा, वरण आहे, औषध नाही!" उत्तर येत नसे. तरी त्या उत्तर आल्यासारख्या हसत.

नवरा गेला त्या सकाळी पलीकडच्या गल्लीत लग्न होतं. अंगणात बुद्धवंदना सुरू व्हायची होती, आणि मांडवातल्या भोंग्यावर ते गाणं लागलं. आधी नवऱ्याचा आवाज आला. दोघे-तिघे चिडून उठले.

"बसा गा," वहिनी म्हणाल्या. "लगन आहे लोकायचं. वाजू द्या."

मग भोंग्यावर वहिनींची ओळ आली. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. डोळे उघडे होते.

नंतर त्या खापा गावी भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. भाऊ सामान न्यायला आला तेव्हा मला कळलं. तोवर सगळं उरकलं होतं.

त्यांच्या घरात आता दुसरे भाडेकरू राहतात. त्यांची सून भांडी घासताना ते गाणं गुणगुणते. ते कुणी गायलं होतं, हे तिला माहीत नाही.