ठेवा तुमचा कप तुमच्याकडे

वर्ल्डकप काकांनी ग्राउंडवर कधी शिट्टी आणली नाही. गरजच नव्हती. ते एकदा "ऑफसाइड!" म्हणून ओरडले आणि खडकी स्टेशनात उभी असलेली लोकल सुटली, हे मी स्वतः पाहिलं आहे. गार्डानं नंतर लेखी तक्रार केली म्हणतात.

काका मूळचे अमरावतीकडचे. दिवसा दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी क्वार्टर्समधल्या आम्हा पोरांना फुटबॉल शिकवायचा, तोही फुकट. अट एकच, पायात काही घालायचं नाही. ग्राउंडवर गवत कमी, खडी जास्त. कुणी बूट घालून आलाच, तर काका हात जोडायचे, "या साहेब. लग्नाला निघालात की जेवून आलात?" आमचे तळवे असे तयार झाले होते की त्यावर काडी ओढावी आणि ती पेटावी. एका वर्षीची होळी मी तशीच पेटवली आहे.

या अटीमागे इतिहास होता. काका सांगायचे, "आपली टीम पन्नास साली ब्राझीलला वर्ल्ड कपला निघाली होती. तिथले म्हणाले, बूट घाला. आपले म्हणाले, आम्ही असेच खेळतो. चालत नसेल तर ठेवा तुमचा कप तुमच्याकडे!" त्यानंतर आपण आजतागायत वर्ल्ड कपला गेलो नाही, तोही काकांच्या मते बाणेदारपणाच. वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागायचे आणि काका खालून विचारायचे, "मामाचं गाव का हो तुमचं?" ती गोष्ट मी पार मंडईपर्यंत नेली. माझ्या आवृत्तीत ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष गुडघे टेकून बूट पुढे करायचा.

आमच्यात खरा खेळाडू एकच, सलीम. जिल्ह्याच्या निवडीला गेला, तर तिथे बूट सक्तीचे. कुणाचे तरी मागून घातले आणि शेवाळावरच्या म्हशीसारखा घसरत राहिला. निवड झाली नाही. काकांनी पाठ थोपटली, "देशाची टीम गेली नाही, तूही गेला नाहीस. अभिमान वाटला पाहिजे!" पुढे सलीमनं बिबवेवाडीत सायकलचं दुकान टाकलं.

मागच्या वर्षी आमच्या ग्राउंडवर बक्षीस समारंभ होता. देशाकडून खेळलेले एक वृद्ध खेळाडू पाहुणे आले होते. काकांनी माइक घेतला, "साहेब, आपण सांगा पोरांना ती बुटांची गोष्ट."

पाहुणे हसले. "अहो, बुटांचं कारण मागाहून चिकटलं. आपल्या वरच्या मंडळींना वर्ल्ड कप महत्त्वाचाच वाटला नाही. ऑलिंपिक काय ते मोठं. टीम पाठवलीच नाही."

लोक टाळ्या वाजवून चहाकडे वळले. काका माइक धरून उभेच.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, "बिबवेवाडी." वाटेत मी मुद्दाम सिग्नल तोडला, तरी शिवी नाही.

सलीम एका वाकड्या चाकाचा आउट काढत होता. काका उभ्यानंच म्हणाले, "सलीम, ती गोष्ट खोटी निघाली. मी तुझा खेळ घालवला रे."

"मला माहीत होतं, काका. निवडीच्या आधीच कुठेतरी वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगून सांगायचात. कसं बोलणार?"

"अरे, मग निदान बूट घालून सराव तरी करायचा! दुसरीकडे कुठे!"

सलीमनं चाक उगाचच एकदा फिरवलं. "तुमच्या कानावर गेलं असतं, काका."

त्यानं चहा मागवला. काकांनी घेतला नाही. त्या दिवसानंतर ते ग्राउंडवर फिरकले नाहीत. पोरं बोलवायला गेली, की आतून काकू सांगायच्या, "झोपलेत." संध्याकाळी सहा वाजता!

उन्हाळ्यात क्वार्टर सोडून ते अमरावतीला मुलीकडे कायमचे निघाले. मी सामान चढवायला गेलो. त्यांचं मन रमावं म्हणून दोन-चार थापा मारल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी हलताना म्हणाले, "त्या दिवशी सलीमच्या दुकानात लाज मला वाटायला हवी होती रे. आणि वर बघता येत नव्हतं त्याला."