खलाशाचा फोटो

रोह्याच्या कंपनीत फिटर म्हणून कायम झालो, त्या वर्षी मी कॅमेरा घेतला. त्याला कुणी हात लावलेला मला खपत नसे, लग्नानंतर बायकोनेही नाही. सुट्टी आली की पेणच्या घरून एसटीने धरमतरच्या खाडीवर जायचं आणि जेटीला लागलेले कोळशाचे बार्ज, क्रेन, लोखंडी मनोरे टिपायचे, हा माझा नाद. कंपनीत सगळे मला फोटोवाला म्हणत. मला ते फार आवडायचं.

बायको हमरापूरची. माहेरी गणपतीचे डोळे रेखायचं काम तिचं. एकदा डबा घेऊन तीही खाडीवर आली. त्या दिवशी वारा असा सुटला होता की ट्रायपॉड उभा राहीना. एका हाताने तो दाबून धरत मी अख्खी क्रेन टोकापासून पायापर्यंत चौकटीत बसवत होतो. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एक मी काढू?"

"खेळणं हाय काय गो ते?"

पण रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि मला भूक लागली होती. दिला कॅमेरा.

ती काढेचना. नुसती बार्जकडे बघत उभी. माझी भाकरी खाऊन झाली तरी उभीच. "काढ की!" मी ओरडलो. "थांबा जरा," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळाने एकदाच खटका दाबला.

आठवड्याने स्टुडिओतून फोटो आणले. माझे सगळे स्वच्छ, सरळ, नकाशासारखे. तिच्या फोटोत क्रेनचा जबडा नुकताच उघडला होता, कोळशाची भुकटी आडवी उडाली होती आणि बार्जच्या टोकाला एक खलाशी डोक्यावरची टोपी दाबून पाठमोरा उभा होता. त्यात वारा दिसत होता. तीन वर्षं मी त्या वाऱ्यात उभा राहिलो, पण माझ्या एकाही फोटोत तो आला नव्हता. छातीत काहीतरी जळत गेलं.

"कसा आलाय?" तिने विचारलं.

"थोडा हललाय," मी म्हणालो. जराही हलला नव्हता.

पुढे कंपनीच्या कॅलेंडरसाठी साहेबांनी माझे फोटो मागवले. गठ्ठा चाळता चाळता ते खलाशावर थांबले. "हा कसा साधला हो तुम्हाला?"

"वाट बघावी लागते, साहेब," मी म्हणालो.

कॅलेंडर छापून आलं, तेव्हा मी माझी प्रत घरी नेलीच नाही. पण आमच्या आळीत कंपनीतली आणखी दोन घरं होती. संध्याकाळी बायको शेजारून आली, तांदूळ निवडायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "माझा खलाशी शेजारणीच्या भिंतीवर हाय. खाली तुमचं नाव."

"कॅमेरा माझाच ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय," ती म्हणाली. "कॅमेरा तुमचाच."

भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन सुट्ट्या मी खाडीवर गेलो आणि एकही फोटो न काढता परत आलो. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. ते हसले. दुपारपर्यंत अख्खं खातं हसत होतं, आणि मी फोटोवालीचा नवरा झालो. पुढच्या वर्षी साहेबांनी तिचेच फोटो मागितले. मी कॅमेरा तिच्यापुढे ठेवला, तर म्हणाली, "दुसऱ्याचा नको." गणपतीचा हंगाम माहेरी राबून तिने स्वतःचा घेतला.

मग आम्ही दोघं जाऊ लागलो. मी रोल संपवायचो, ती दोन-तीन फोटो काढायची. ते धुऊन आले की मी आधी तिचे बघायचो, चांगले आहेत म्हणायचो, आणि मनातून त्यांतला एखादा तरी फसलेला निघावा असं वाटायचं. एकदा तिने विचारलं, "अजून जळता?"

"व्हय," मी म्हणालो. ती त्या दिवशी मनापासून हसली.