कोपर आणि मुद्देमाल

आमच्या सासरी माझं उजवं कोपर सगळ्यांना ओळखता येतं. बारसं, मुंज, वास्तुशांत, कुठलाही ग्रुप फोटो काढा, कडेला ते आहेच. बाकीची मी फोटोबाहेर. कारण फोटो काढते माझी धाकटी जाऊ, वर्तकनगरची स्वाती. तिच्या मोबाइलला मागे तीन कॅमेरे. हात लांब करून स्वतः मधोमध यायचं आणि वर मला म्हणायचं, "ताई, थोड्या आत या ना." आत कुठे येऊ? आत भावजींचं पोट असतं.

त्यात सासूबाई. "स्वातीचे फोटो काय सुरेख येतात गं!" हे वाक्य डोंबिवलीला घरी येऊन भांडी घासतानासुद्धा माझ्या कानात वाजत राहतं. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. चांगली धडधडून जळत होते.

सासूबाईंची पंच्याहत्तरी आली. कार्यक्रम स्वातीकडे. (नेहमी तिच्याकडेच. तिचा हॉल मोठा!) मी ठरवलं, यंदा फोटो मी काढणार आणि मधोमध मी असणार. नवा फोन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कल्याणला एका दुकानात सेकंडहँड बघायला गेले. बरोबर हे होते, पिशवी धरायला.

"आंटी, एका डॉक्टरचा आहे. नुसता दवाखान्यात वापरलाय," दुकानदार म्हणाला.

"मागे कॅमेरे किती?"

"चार."

चार ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. ह्यांनी बिल मागितलं, तर तो म्हणाला, "काका, सेकंडहँडला कोण बिल देतं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, चार आहेत," मी म्हटलं.

घरी येऊन त्यात माझं सिम घातलं. (माझं म्हणजे भावजींच्या नावावरचं. दहा वर्षांपूर्वी त्यांना ऑफिसात कसलीशी ऑफर मिळाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कागदपत्रांवर अख्ख्या घराला सिम कार्डं वाटली होती. मी तेव्हा त्यांचं फार कौतुक केलं होतं.) दोन दिवस फोन झकास चालला. तिसऱ्या दिवशी, नेमक्या पंच्याहत्तरीच्या सकाळी, नेटवर्क गेलं. पण कॅमेरा चालू होता. मला नेटवर्क कशाला हवंय?

स्वातीकडे पंच्याहत्तर दिव्यांचं ताट आलं, सासूबाईंना ओवाळलं आणि मी हात लांब केला. मध्ये मी, शेजारी सासूबाई आणि कडेला स्वातीचं कोपर. असे चाळीस फोटो काढले. इतकं समाधान मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

"ताई, ग्रुपवर टाका ना," स्वाती म्हणाली.

"कसे टाकू? तुमच्या वर्तकनगरला रेंजच नाही."

"माझी तर फुल आहे."

"तुझा फोन जुना ना, त्याला सवय झालीय."

एवढ्यात भावजींचा मोबाइल वाजला. पोलीस ठाण्यातून फोन होता. भावजी ऐकत गेले आणि पांढरे पडत गेले. आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेला माणूस!

"माझ्या नावाचं सिम चोरीच्या मोबाइलमध्ये चालू होतं म्हणतायत," ते म्हणाले. "आता तो ब्लॉक केलाय. उद्या फोन घेऊन या म्हणाले."

सासूबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "विनू, तू मोबाइल चोरलास?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. त्या घरात मी इतकी मधोमध कधीच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमची वरात पोलीस ठाण्यात. मी, हे, भावजी आणि "ताईंना तेवढाच आधार" म्हणून स्वाती. आधाराला ती कानात झुमके घालून आली होती. हवालदार शांत माणूस होते. दुकानाचा पत्ता लिहून घेतला, मोबाइल घेतला.

"साहेब, तेवढे चाळीस फोटो काढून घेऊ का?" मी विचारलं.

"मॅडम, आता हा मुद्देमाल आहे."

"पण त्यात मी मध्ये आहे हो!"

हवालदारांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, पोलिसांना घाबरले.

"मोबाइल जमा करतानाचा फोटो लागतो," हवालदार म्हणाले. "कुणाकडे बरा कॅमेरा आहे?"

अर्थात स्वातीकडे. तिनं तो कौतुकानं त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, तुम्ही मध्ये या. हा तुमचा मोबाइल घ्या, नीट समोर धरा. हं, थोडं हसा."

फोटो निघतोय म्हटल्यावर स्वातीला कुठलं राहवतंय? तीही लगबगीनं कडेला येऊन उभी राहिली.

संध्याकाळी तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. काय सांगू, अप्रतिम! मी अगदी मधोमध, चेहरा स्वच्छ, केससुद्धा जागच्या जागी. खाली सासूबाईंनी लिहिलं, "मोठीचा पहिल्यांदाच चांगला आला."

सध्या माझा डीपी तोच आहे. डोक्यावरची 'पोलीस ठाणे' ही पाटी तेवढी मी कापून टाकली. स्वातीचं कोपर मात्र राहू दिलंय.