महायुद्धाची कारणं आणि आमची आत्या

पहिलं महायुद्ध मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी फळ्यावर तीच कारणं लिहितो. साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, कडवा राष्ट्रवाद, गुप्त करार. मग तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून. धामणकर नाक्याजवळ शाळा असल्यामुळे हे सगळं हॉर्नच्या वर आवाज काढून सांगावं लागतं. यंदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, खून एकाने केला. बाकीचे देश कशाला मध्ये पडले?"

मी करार समजावले. रशियाने सैन्य गोळा केलं म्हणून जर्मनीने केलं, जर्मनीने केलं म्हणून फ्रान्सने.

"म्हणजे प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त तयारी केली. मग सुरू कोणी केलं?"

परीक्षेत एवढं विचारत नाहीत, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. नंतर माझाच मला राग आला. हाच प्रश्न घेऊन मी गेले कित्येक दिवस गावात फिरत होतो आणि तिथेही मला उत्तर येत नव्हतं.

आम्ही शेलार गावचे. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गातात आणि ते गाणारी धवलारीण नसली तर लग्न अळणी वाटतं. आमच्या घरची धवलारीण म्हणजे माझी आत्या. गावातच दिलेली, वरच्या आळीत राहते. माझी हळद तिच्याच गळ्यावर लागली. मुलीला डीजे नको, हॉल नको, काही नको. फक्त ही आजी गायला हवी. पण माझा मोठा भाऊ आणि आत्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

निमित्त भावाच्या मुलाच्या हळदीचं. घरचंच लग्न, आत्या आपण होऊन येईल, असं भाऊ धरून चालला. घरचं असलं तरी कोणीतरी दारात येऊन 'चल' म्हणावं, असं आत्या धरून बसली. हा तिची वाट बघतोय, ती त्याची वाट बघतेय. दिवस जवळ आला तसा भाऊ घाबरला आणि ऐनवेळी पंचाईत नको म्हणून त्याने दुसऱ्या गावच्या धवलारणीला सांगून ठेवलं. नुसतं सांगून ठेवलं, असं तो अजून म्हणतो. ते आत्याच्या कानावर गेलं. माझ्या जागी दुसरी आणली म्हटल्यावर तिने पाऊल उचललं नाही. ती नाही म्हणून तिची मुलं गेली नाहीत, मुलं नाहीत म्हणून अख्खी वरची आळी गेली नाही. मग आमच्या खालच्या आळीने त्यांची लग्नं सोडली. आता मयताला तेवढे एकत्र येतात, तेही दोन बाजूंना उभे राहून.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. म्हटलं, मूळ कारण सापडलं की तोडगा निघेल. घरोघर जाऊन विचारत सुटलो. सगळ्यांचं एकच, "आमी काय न्हाय केलं. आमी फकस्त आपल्या मान्सांबरं उभं ऱ्हायलो." पुढे विचारलं की मात्र कारणं निघायला लागायची. कोणी म्हणे गोडाऊनला जागा दिली तेव्हाच मनं फाटली. कोणी खाडीकडच्या बांधावर गेला, कोणी माझ्या आजोबांच्या वाटणीवर. एकाने तर जुन्या गणपतीतला आरतीचा मान काढला. प्रत्येकाचं खरं वाटत होतं. एकाचं ऐकून निघालो की दुसऱ्याचं त्याहून पटायचं. मला काही म्हणजे काही कळेनासं झालं. राजपुत्र मेला नसता तर युद्ध झालं नसतं का, हेही मला आता सांगता येणार नाही.

भावाने मात्र स्पष्ट सांगितलं, "ती आली तं मी न्हाय येनार. तुझी पोरगी हाय, तू ठरव." मुलीला कडेवर घेऊन गावभर मिरवलेला माणूस हा. तो नाही असा मांडव मला डोळ्यांपुढे आणवत नव्हता.

शेवटी आत्याकडे गेलो. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी हळूहळू विषय काढला. तुला पहिल्यांदा वाईट कधी वाटलं? आधीचं काही मनात होतं का? बांधाचं काही? ती ऐकत होती, हात चालू होते. मग सूप बाजूला ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"इचारायला समदी येऊन गेली रं. तू इचारायला आलास का बोलवायला?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि भाऊ डोळ्यांपुढे उभा राहिला. मला तेव्हा खरंच कळत नव्हतं, मी कशाला आलोय. मग आत्याने सूप परत मांडीवर घेतलं.

"जा आता," ती म्हणाली, "तुला शालेला उशीर व्हईल."

रविवार होता. तिलाही ते माहीत होतं.